होटनचा हिवाळा: घराबाहेर कसं पडायचं, कुठे जायचं, सासूबाईंना काय दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर टोकाला, होटनला आलं. नवरा मिशिगन टेक विद्यापीठात पीएच.डी. करतोय, मुलगा सहा वर्षांचा, फेब्रुवारीत सासूबाई यायच्यात. बाई लिहितात, "नोव्हेंबरपासून घरात अडकलोय. लोक बाहेर नक्की करतात तरी काय? मुलगा आजारी पडणार नाही ना? आणि सासूबाईंना या बर्फात दाखवायचं काय?"

मी याच गावात लहान मुलांना आणि नवख्या मोठ्यांना क्रॉस-कंट्री स्की शिकवते, आणि हिवाळी कार्यक्रमांना स्वयंसेवक म्हणून जाते. आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. या गावाचं सामाजिक आयुष्य हिवाळ्यातच रंगात येतं. उन्हाळ्यात जो तो आपापल्या कॅम्पवर, म्हणजे जंगलातल्या छोट्या घरी, नाहीतर तळ्यावर पांगलेला असतो. माणसं भेटतात ती जानेवारी ते मार्च, आणि भेटतात ती बाहेर, स्नोमध्ये. म्हणून थंडी ओसरली की ओळखी करू असं म्हणाल तर वर्ष वाया जाईल. आणि कुठल्याही कार्यक्रमाला नुसतं बघायला गेलात तर वीस मिनिटांत पाय गारठून घरी याल. काहीतरी काम अंगावर घेतलंत तर दोन तास कसे गेले कळणार नाही.

इथे इतका स्नो पडतो तरी का, हे समजलं की त्याचा धसका कमी होतो. वायव्येकडून, कॅनडातून येणारी कोरडी गार हवा लेक सुपीरियर या अवाढव्य सरोवराच्या उघड्या पाण्यावरून येते, वाटेत ऊब आणि बाष्प उचलते, आणि कीविनॉच्या, म्हणजे आपण राहतो त्या द्वीपकल्पाच्या, डोंगररांगेला भिडून वर चढली की ते सगळं आपल्या अंगणात टाकते. त्यामुळे वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर, म्हणजे पाच मीटरहून जास्त स्नो पडतो. उत्तरेला मोहॉकजवळ यूएस-४१ रस्त्याच्या कडेला एक उंचच उंच मोजपट्टी उभी केली आहे. तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम दाखवलाय, ३९०.४ इंच. सासूबाईंचा फोटो तिच्याखाली काढाच, नाशिकला कुणाचा विश्वास बसणार नाही. पण त्याच पाण्यामुळे आपल्याकडची थंडी मिनेसोटाच्या आतल्या भागाइतकी जीवघेणी नसते. जानेवारीत दुपारी उणे पाच, रात्री उणे दहा-बारा सेल्सिअस हे नेहमीचं. या तापमानात कपडे नीट असले की सहा वर्षांचं पोर मजेत खेळतं.

आजारपणाचं म्हणाल तर सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, आणि ते पसरतात बंद खोल्यांत, वर्गात, बसमध्ये. मोकळ्या हवेत खेळल्याने मूल आजारी पडत नाही. आपल्याकडची "गार वारं लागलं" ही भीती बरोबर घेऊन आला असाल तर ती सासूबाई येण्याआधीच बाजूला ठेवा, नाहीतर दोघी मिळून पोराला कोंडून ठेवाल. त्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतातच, त्यामुळे त्याला तुमच्यापेक्षा जास्त सवय झालेली असेल. जपायचं ते वाऱ्यापासून. हवामान खात्याचा वाऱ्यासकटचा आकडा उणे अठ्ठावीस सेल्सिअसच्या आसपास गेला की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. त्या दिवशी घरी बसावं, त्यात कमीपणा नाही. एरवी दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे गाल आणि नाक बघा. कातडीवर पांढुरका, मेणचट ठिपका दिसला तर आत जा आणि उघडा कोमट तळवा त्यावर धरून ठेवा. चोळू नका. स्नोने चोळायचा जुना उपाय तर अजिबात नको.

कपड्यांवर लोक नको तिथे पैसे घालवतात. पाचशे डॉलरचं जाकीट घेतात आणि आत सुती बनियन, पायांत सुती मोजे. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं. मग वरचं जाकीट कितीही भारी असलं तरी आतून काकडायला होतं. अंगाला लागून लोकर किंवा पॉलिएस्टर, मधे फ्लीस नाहीतर जुना स्वेटर, वर वारा अडवणारं काहीही. मोजा एकच, जाड, लोकरीचा. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी तीच बधिर होतात. बूट अर्धा नंबर मोठाच घ्या. हातमोजे बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या. इथले जुने लोक हरणाच्या कातड्याचे, आत लोकरीचं अस्तर असलेले मिटन वापरतात, त्यांना चॉपर म्हणतात. एक जोडी वर्षानुवर्षं पुरते. मुलासाठी स्नोपँट आणि बूट सेकंडहँड दुकानातून घ्या, पुढच्या वर्षी ते त्याला होणारच नाहीत. खर्च करायचाच असेल तर सगळ्यांच्या बुटांवर करा. आणि सासूबाईंसाठी बुटाखाली ताणून बसवायचे रबरी खिळेवाले पट्टे आणा, साधारण वीस-पंचवीस डॉलरना मिळतात. त्यांना थंडीने फारसं काही होणार नाही, पाय घसरून होईल.

आता बाहेर पडायचं. सुरुवात अगदी दारातून करा. इथे स्नो उचलायला साधं फावडं कमी आणि मोठं पत्र्याचं, दोन हातांनी ढकलायचं स्कूप जास्त वापरतात. ते उचलायचं नसतं. आत सरकवायचं, ढकलत नेऊन कडेला उपडं करायचं, की कंबर शाबूत राहते. सकाळी सगळी गल्ली स्कूप घेऊन बाहेर असते आणि ओळखी होतात त्या तिथेच. नगरपालिकेचा स्नो हटवणारा नांगर येऊन गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढेकळांचा बांध टाकून जातो. शेजारच्या आजींचा तो बांध एकदा फोडून द्या आणि बघा पुढे काय काय होतं. माझ्या निम्म्या ओळखी त्या बांधावरच्या आहेत.

दिवसाचं वेळापत्रक मात्र बदलावं लागेल. आपण ईस्टर्न टाइमच्या पार पश्चिम टोकाला आहोत, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वापाचला मावळतो. शनिवार-रविवारी "आधी स्वयंपाक, मग जाऊ" असं ठरवलंत तर उजेड हातातून गेलाच. अकराला बाहेर पडा, जेवण परत आल्यावर. थर्मासमध्ये चहा, खिशात डिंकाचा लाडू नाहीतर चिक्की. चॉकलेट दगड होतं, चिक्की आधीच दगड असते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेरच्या खिशात तो चाळीस टक्क्यांवरूनही पटकन बंद पडतो.

मुलासाठी पहिला आठवडा फक्त घसरगुंडी. होटन आणि हॅन्कॉक या दोन गावांमधल्या कालव्यापलीकडे माँट रिप्ली ही विद्यापीठाचीच स्की टेकडी आहे, तिथे ट्यूबवर बसून घसरायची वेगळी जागा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात क्रॉस-कंट्री स्की. उताराची स्की महाग आणि धडकी भरवणारी. क्रॉस-कंट्रीत टाच मोकळी असते, चालता येतं त्याला ती जमते. विद्यापीठाच्या मागच्या टेक ट्रेल्सवर भाड्याने स्की मिळतात आणि काही भागात संध्याकाळी दिवे असतात. पहिल्या दिवशी मी मुलांच्या हातात काठ्या देतच नाही. काठ्या असल्या की मूल त्यांच्यावर रेलतं, वजन मागे जातं आणि ते बसकण मारतं. काठ्या नसल्या की हात पुढे येतात, गुडघे आपोआप वाकतात. पडायचं कसं तेही आधीच शिकवते: कुशीवर पडायचं, दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मगच उठायचं. मोठ्यांनाही हेच लागू, फक्त मोठी माणसं पडायला लाजतात म्हणून त्यांना वेळ लागतो. खाचा पाडलेल्या ट्रेलवरून चालत जाऊ नका, कुत्र्यालाही नेऊ नका. रात्रभर मशीन फिरवून कुणीतरी त्या खाचा पाडलेल्या असतात. चालायचंच असेल तर स्नोशूच्या, म्हणजे स्नोत पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटींच्या, वाटा वेगळ्या आहेत.

जानेवारीच्या उत्तरार्धात पलीकडच्या हॅन्कॉकमध्ये हेइकिनपाइवा असतो. हा भाग तांब्याच्या खाणींवर वसला आणि खाणीत आलेल्यांत फिनलंडचे लोक मोठ्या संख्येने होते. हॅन्कॉकच्या रस्त्यांच्या पाट्याही इंग्रजीबरोबर फिनिशमध्ये आहेत. हेइक्कीचा दिवस १९ जानेवारी. फिनिश समजुतीनुसार त्या दिवशी गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे हिवाळा अर्धा सरला. आपल्या संक्रांतीनंतर जेमतेम चार-पाच दिवसांनी त्यांचीही हिवाळा कलल्याची खूण यावी, याची मला दर वर्षी गंमत वाटते. १९९९ पासून इथे हा सोहळा होतो. अस्वलांचे मुखवटे घालून मिरवणूक निघते, बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत असते (नवऱ्याला सांगा, सराव आतापासून), कालव्यात भोक पाडून उणे तापमानात उड्या मारणारे वेडे असतात, आणि तोरी म्हणजे बाजार भरतो, तिथे हातविणीचे मोजे मिळतात. मुलासाठी खरी चीज म्हणजे विपुकेल्क्का. बर्फात एक खांब रोवतात, त्यावर लांबच लांब आडवी दांडी, दांडीच्या एका टोकाला छोटी घसरगाडी. दुसऱ्या टोकाने दांडी ढकलली की गाडी गोल गोल सुसाट सुटते. दांडी ढकलायला कायम माणसं हवी असतात. तुम्ही दोघं अर्धा तास ढकला. अंगात ऊब येईल आणि रांगेतल्या सगळ्या आयांशी बोलणं होईल. जाताना डब्यात तिळगूळ न्या. "गोड बोला" भाषांतरात अवघड जातं, पण तिळाची वडी कुणी नको म्हणत नाही.

फेब्रुवारीत विद्यापीठाचा विंटर कार्निव्हल. पहिला १९२२ साली झाला, आणि १९३४ पासून ब्लू की ही विद्यार्थ्यांची संघटना तो भरवते. दर वर्षी एक विषय ठरतो आणि विद्यार्थ्यांचे गट त्यावर स्नोचे पुतळे उभारतात. पुतळे म्हटल्यावर अंगणातला स्नोमॅन डोळ्यांसमोर आणू नका. दोन-दोन मजली इमारती, पूल, जहाजं, जिने. मोठे गट महिनाभर आधी सुरुवात करतात. प्लायवूडचे साचे उभे करायचे, त्यात स्नो टाकून पायांनी तुडवायचा, पाणी मारायचं, रात्रभर गोठू द्यायचं, साचा वर सरकवायचा. नक्षीसाठी बादलीत स्नो आणि पाणी कालवून चिखल करतात आणि रबरी हातमोजे घालून तो थापतात. हा चिखल हातात जेमतेम मिनिटभर मऊ राहतो, तेवढ्यात नाकडोळे काढायचे. खिडक्यांच्या काचाही बर्फाच्याच, सपाट तबकात पाणी गोठवून केलेल्या, आणि त्या गुळगुळीत करायला कुणीतरी चक्क कपड्यांची इस्त्री घेऊन बसलेलं असतं. शेवटी सगळ्यावर पाण्याचा बारीक फवारा, की पांढरा स्नो काचेसारखा चमकतो.

बघायला लोक सकाळी येतात, परीक्षण झाल्यावर. तुम्ही आदल्या रात्री जा. बुधवारची ती रात्र ऑल-नायटर म्हणून ओळखली जाते: छोटे गट त्या एका रात्रीत सगळा पुतळा उभा करतात, संगीत चालू असतं, खाण्याचे स्टॉल लागतात, गावातली कुटुंबं लेकरांना घेऊन हिंडतात. गुरुवार-शुक्रवार विद्यापीठाला सुट्टी असते, म्हणजे नवऱ्यालाही सबब नाही. त्याच्या विभागातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या गटाला आठवडाभर आधी विचारून ठेवा; बादल्या भरायला आणि स्नो तुडवायला हात नेहमीच कमी पडतात. सहा वर्षांच्या मुलाला स्नो तुडवायचं काम द्या, त्यासाठी त्याच्याइतका लायक माणूस नाही. रात्री नऊला परत या, सकाळी पुन्हा न्या. आपण तुडवलेल्या भिंतीवर आता जिना उभा राहिलाय हे त्याने स्वतः बघायला हवं.

ब्रूमबॉलचंही तिथेच बघा. उघड्यावरच्या बर्फाच्या मैदानात, स्केट न घालता साध्या बुटांनी, झाडूसारख्या दांड्याने चेंडू मारायचा खेळ. ज्याला येत नाही तोही खेळतो आणि सगळेच पडतात, त्यामुळे नवीन विद्यार्थ्याला मित्र मिळवायला याहून सोपी जागा नाही. हॉकी तर गावाच्या रक्तात आहे: १९०४ मध्ये जगातली पहिली पूर्ण व्यावसायिक आइस हॉकी लीग सुरू झाली ती याच परिसरातून. विद्यापीठाच्या सामन्याला एकदा जा, नियम कळले नाहीत तरी बँडवाल्यांच्या दंग्याचे पैसे वसूल होतात. आत उबदार नसतं, हे लक्षात ठेवा.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला उत्तरेच्या कॅल्युमेट गावातून कॉपरडॉग १५० ही कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत सुटते. शुक्रवारी रात्री गावातल्या मुख्य रस्त्यावर ट्रकांनी स्नो आणून पसरतात. बाकी वर्षभर जो रस्त्यावरून काढायचा तोच! सुटण्याआधी कुत्री इतकी भुंकतात, उड्या मारतात की शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत नाही, आणि गाडी सुटली की त्या क्षणी चिडीचूप. पळताना ती भुंकत नाहीत. सुटण्याच्या जागी गर्दी फार असते. लहान मुलाला घेऊन पुढे, जिथे ट्रेल रस्ता ओलांडते तिथे उभं राहा. अशा प्रत्येक ठिकाणी मोटारी थांबवायला स्वयंसेवक लागतात, नाव आधीच नोंदवा. मुलाला तिथे कुत्र्यांच्या गाड्या मोजायचं काम मिळतं. आपलं कुत्रं आणि फोनचा फ्लॅश, दोन्ही घरी ठेवा.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे, ती म्हणजे गोठलेलं पाणी. कालव्यावर लोक झोपड्या टाकून मासे धरतात, त्यावरून स्नोमोबाइल जातात, ते बघून तुम्हालाही चालावंसं वाटेल. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं चालण्यासाठी किमान चार इंच स्वच्छ, निळसर बर्फ सांगतं. पांढरा, स्नोमिश्रित बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरायचा. पण इथे पाणी वाहतं, लिफ्ट ब्रिजजवळ, म्हणजे कालव्यावरच्या वर उचलता येणाऱ्या पुलाजवळ, आणि ओढे येऊन मिळतात तिथे बर्फ पातळ राहतो, वरून दिसायला सगळा सारखाच. जाणत्या माणसाबरोबरच जा, त्याच्या पावलावर पाऊल टाकून. लेक सुपीरियरच्या काठाला लाटा गोठून डोंगर होतात, फोटोला फार सुंदर. त्यांच्यावर चढू नका, खाली पोकळी असते आणि तिच्यात पाणी. मासे धरायचे असतील तर फेब्रुवारीच्या मध्याला मिशिगनमध्ये एक शनिवार-रविवार विनापरवाना मासेमारीचा असतो, त्या वेळी कुणाचं तरी बोट धरून सुरुवात करा. खाडीच्या माशांवर वाढलेल्या माणसाला इथला व्हाइटफिश फिका लागतो. आपल्या मसाल्यात तळला की चांगला होतो.

गाडीत फावडं, घोंगडी, बर्फ खरवडायचं पातं, टॉर्च, सुकं खाणं कायम असू द्या. स्नोत अडकलात तर आधी एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा स्नो काढा, मगच इंजिन चालू ठेवा. नळी बुजली तर विषारी वायू आत येतो.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना वीस अंश अक्षांशावरून एकदम सत्तेचाळीसवर आणताय, पहिले चार दिवस काहीही ठरवू नका. पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता, वारा नसताना, गल्लीत दहा मिनिटं. रोज पाच मिनिटं वाढवा. शक्य असेल तर तिकीट कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्याचं काढा. पुतळे गाडीतूनही छान दिसतात, आणि जिथे उतरायचं तिथे खिळ्यांचे पट्टे बुटाला चढवूनच. साडीखाली लोकरीची लेगिंग आणि वर लांब कोट चालतो, मात्र निऱ्या पायात येतात, म्हणून बाहेर सलवार-कमीज बरी. एका फिनिश शेजारणीकडे सौनाला, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत बसायला, नेलंत तर त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटेल. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, खालच्या बाकावर बसवा, दहा मिनिटं पुरे. खाणकामगारांची पेस्टी चाखायची तर भाज्यांची मागा. करंजीच्या घराण्यातलीच आहे, पण एकीत पूर्ण जेवण होतं. कार्निव्हलच्या शनिवारी रात्री माँट रिप्लीवर मशाली घेऊन स्कीवाले उतरतात आणि मग आतषबाजी होते. ते बघायला टेकडीवर जायची गरज नाही. होटनच्या बाजूला, कालव्याच्या काठाशी गाडी अर्धा तास आधी लावा, हीटर चालू ठेवा, सगळं समोर दिसतं. नवऱ्याला आणि मुलाला मात्र काचेबाहेर उभं करा.